पंचगंगा निळ्या रंगानं रंगवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी तैलरंग शिकण्यावर जो लेख आला तो वाचला. लेख चांगलाच होता, ब्रश कुठले घ्यावेत, कॅनव्हास कसला घ्यावा, कुठल्या ट्यूब आधी आणाव्यात हे सगळं नव्या माणसाला उपयोगी पडेल असं होतं, पण शेवटी नदीचं चित्र कसं काढायचं ते सांगताना पाण्यासाठी निळा घ्या, त्यात पांढरा मिसळा आणि आडवे फटके मारा असं जे लिहिलंय ना, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, हवं तर दोन भागात छापा पण मधला भाग कापू नका अशी विनंती, कारण कोल्हापुरात आता मोठ्या वयात तैलरंग शिकणारी माणसं खूप दिसतात, रिटायर झालेले, दुपारची दोन तास सवड काढणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं, आणि यातल्या बहुतेकांची नदी या एका वाक्यापायी फसते.

मी शुक्रवार पेठेत राहते आणि घरीच तैलरंगाचा छोटा क्लास घेते. क्लासला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस पहिली हौस म्हणून नदीच काढायला मागतं आणि ती नदी आपली नसते. मागं बर्फाचे डोंगर, काठाला सूचिपर्णी झाडं, मधनं निळंशार पाणी, कडेला लाकडाचं घर. मोबाईलवर व्हिडिओ बघून तसं होतं, त्यात शिकणाऱ्याचा काही दोष नाही, व्हिडिओवाला दाखवतो ते त्याच्या मुलखातलं खरं असेलही. पण इथं जन्म काढलेल्या माणसाला विचारा की भाद्रपदात पंचगंगेचं पाणी कसं असतं तर तो बरोबर सांगतो, तांबडं असतं म्हणून सांगतो, आणि ब्रश हातात घेतला की त्याचाच हात निळ्या ट्यूबकडं जातो. शाळेत दोन डोंगर, मधे सूर्य आणि त्यातनं वळत येणारी निळी नदी काढली तेव्हापासूनची ती सवय आहे, ती मोडायलाच वेळ जातो, रंग लावायला शिकायला तेवढा जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी म्हणून वेगळा रंग नसतो. नदीत आपल्याला जे दिसतं ते तीन गोष्टींचं मिळून असतं, आभाळाचं आणि काठाचं प्रतिबिंब, पाण्यात मिसळलेली माती नाहीतर शेवाळ, आणि पाणी निवळ असेल तर खालचा तळ. यातलं कुठं किती दिसणार ते आपण किती तिरकं बघतोय त्यावर ठरतं. घाटाच्या पायरीवर उभं राहून सरळ पायाखालच्या पाण्यात बघा, तिथं पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवतं, बाकीचा आत जातो, म्हणून तिथं पाण्याखालची पायरी दिसते, शेवाळ दिसतं, गाळ दिसतो. आता नजर हळूहळू पलीकडच्या काठाकडं न्या, नजर जसजशी तिरकी होत जाते तसतसं आतलं दिसायचं कमी होतं आणि वरचं प्रतिबिंब वाढत जातं, पार पलीकडं तर जवळजवळ सगळं प्रतिबिंबच असतं. म्हणजे कॅनव्हासवर नदीचा आपल्या जवळचा भाग गडद आणि मातकट यायला पाहिजे आणि वर जाता जाता तो आभाळाच्या नाहीतर काठाच्या रंगाकडं सरकायला पाहिजे. नवीन माणूस काय करतं तर वरपासून खालपर्यंत एकच रंग भरतं, आणि मग नदी उभी राहते, पाणी जमिनीवर पसरल्यासारखं वाटतच नाही, आणि मग त्यावर कितीही लाटा काढल्या तरी ते सुधारत नाही.

आपली नदी तर या अभ्यासाला फारच चांगली आहे, कारण ती वर्षभरात एवढे रंग बदलते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशा पाच नद्या प्रयाग चिखलीला मिळतात तिथनं पंचगंगा म्हणायचं, आणि पश्चिमेकडच्या डोंगरातनं हे पाणी येतं म्हणून पावसाळ्यात ते लाल माती घेऊनच येतं. जुलै-ऑगस्टची पंचगंगा रंगवायची तर निळ्या ट्यूबचं टोपण उघडायचंच नाही असं नाही, पण ती शेवटी आणि चिमूटभर. बर्न्ट सिएना म्हणजे विटकरी, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, टायटॅनियम व्हाइट म्हणजे पांढरा आणि त्याचा भडकपणा मारायला अगदी थोडा अल्ट्रामरीन निळा, एवढ्यात ते पाणी होतं. आणि इथं एक गोष्ट आहे जी मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही पण काठावर बसलं की कुणालाही दिसते. गढूळ पाण्यावर सावली पडते. शिवाजी पुलाच्या कमानींची सावली पावसाळ्यात पाण्यावर स्पष्ट दिसते कारण पाण्यातले मातीचे कण उजेड अडवतात, आणि तोच पूल जानेवारीत बघा, पाणी त्यामानानं निवळलेलं असतं, तेव्हा सावली जवळजवळ नाहीच, नुसतं प्रतिबिंब. सावली सूर्य असेल त्याच्या उलट बाजूला पडते आणि प्रतिबिंब कायम सरळ आपल्याकडंच येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकदा हे डोळ्याला कळलं की निम्मी नदी जमली असं समजायला हरकत नाही.

हिवाळ्यात अजून एक सोय होते. पाऊस संपला की राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि वरच्या बाजूला पाणी तुंबून शांत होतं, मग घाटावरची देवळं, दीपमाळ, पलीकडची झाडं सगळी पाण्यात उतरतात. शिकणाऱ्यानं प्रतिबिंबाचा अभ्यास याच दिवसात करावा. यात नियम असे आहेत की प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली येतं, डावीउजवीकडं सरकत नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ होतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद, म्हणजे वरच्यापेक्षा खाली सगळा फरक कमी झालेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल नाही, कारण पाणी ती वस्तू खालून बघत असतं. पुलाच्या कमानीचा आतला खालचा भाग आपल्याला वरनं थोडासाच दिसतो पण पाण्यात तो जास्त दिसतो. तसंच पायऱ्यांच्या मागं लांब असलेलं देऊळ पाण्यात पूर्ण दिसत नाही, त्याचं नुसतं शिखर दिसतं, खालचा भाग पायऱ्यांच्या प्रतिबिंबानं झाकलेला असतो. वरचं चित्र ट्रेस करून उलटं उतरवणारे बरेच जण इथं अडकतात आणि का खोटं दिसतंय ते कळत नाही म्हणून अजून बारीक काम करत बसतात.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलं तर परत वेगळं, तिथं पाणी फुटतं, फेस असतो, प्रतिबिंब तुटतं. फेस म्हटलं की लोक ट्यूबमधला पांढरा तसाच लावतात. फेसालाही उजेडाची आणि सावलीची बाजू असते, सावलीकडचा फेस चांगला राखाडी असतो, पांढरा जपून ठेवायचा तो जिथं ऊन थेट चमकतंय त्या चारदोन ठिपक्यांसाठी.

आता घाटाचा दगड. आपला दगड काळा, पण चित्रात काळा लावला की भोक पडल्यासारखं दिसतं. सकाळच्या उन्हात तो दगड उबदार राखाडी असतो, सावलीत निळसर जांभळा, आणि पाण्याच्या रेषेला जिथं तो ओला असतो तिथं एकदम गडद. तो ओल्या दगडाचा पट्टा आहे ना, तेवढा एक बरोबर आला तरी देऊळ पाण्यात बसतं, नाहीतर ते पाण्यावर ठेवल्यासारखं तरंगतं. त्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळून जो गडद होतो तो वापरा, निळा वाढवला की थंड होतो, अंबर वाढवला की गरम, तयार काळ्यापेक्षा हे कितीतरी जिवंत वाटतं.

हिरव्याचंही तसंच. पलीकडच्या काठाला ऊस असतो, मागं झाडं असतात, आणि दोन्हीचा हिरवा एक नाही. कोवळा ऊस पिवळट, झाडं गडद आणि थोडी तपकिरीकडं झुकलेली, थंडीत उसाला तुरे आले की काठावर एक करडा जांभळट पट्टा तयार होतो तो तर फारच सुंदर असतो आणि तो मी फार कमी चित्रांत बघितलाय. व्हिरिडियन हा तयार हिरवा ट्यूबमधनं काढून थेट लावू नका, तो असा कुठल्याच झाडात नसतो. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर मिसळून झाडांचा हिरवा काढा, कॅडमियम यलोत चिमूटभर काळा घातला तर ऊसाचा एक छान हिरवा होतो, आणि कुठलाही हिरवा ओरडायला लागला की त्यात थोडा बर्न्ट सिएना घाला, तो लगेच शांत होतो. चिखलीकडं गेलात तर मागं जोतिबाचा डोंगर येतो, त्याला हिरवा लावायचाच नाही, मधल्या हवेमुळं तो निळसर राखाडी होतो आणि गुऱ्हाळं सुरू झाली की सकाळचा धूर नदीवर आडवा पसरलेला असतो त्यात तर त्याची नुसती कड दिसते. ती कड धारदार काढली की डोंगर पुढं येऊन उसात बसतो, म्हणून ती कोरड्या ब्रशनं मऊ करायची.

कामाची पद्धत सांगते, कारण लेखात ती फार घाईत आली होती. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू करू नका. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर एक हात फिरवा आणि कापडानं पुसून घ्या, हलका विटकरी रंग राहतो. पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि माणूस घाबरून सगळं चित्र फिकं करतो, त्या विटकरी रंगावर उजेड आणि अंधार दोन्ही बरोबर समजतात, शिवाय हिरव्याच्या फटीतनं तो थोडा थोडा डोकावतो ते चांगलं दिसतं. मग बारीक ब्रशनं पातळ अंबरमध्ये रेषा मारा, आणि पलीकडच्या काठाची पाण्याची रेषा मात्र पट्टी लावून तपासा, ती जवळजवळ आडवीच असते. नदी वळते म्हणून काठ तिरका काढायचा मोह होतो, पण लांबचं वळण आपल्या नजरेला फार चपटं दिसतं, ते जरा जरी उघडं काढलं की नदी उताराला लागते.

त्यानंतर डोळे बारीक करून बघा. बारीक तपशील जातात आणि तीनचार मोठे टोन, म्हणजे गडद-उजळपणाचे भाग, उरतात, आभाळ, लांबचं, काठ आणि पाणी. आधी हे टोन एकाच अंबर रंगात मांडायचे. शिकणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं, त्याला रंग पाहिजे असतो, पण मी क्लासमध्ये यावर हट्ट धरते कारण नदी खरी वाटते ती टोनमुळं, रंगामुळं नाही. ज्याचा टोन बरोबर त्याची जांभळी नदीसुद्धा नदी वाटते.

रंग लावताना आभाळ आणि पाणी एकाच बैठकीत करायचं, आणि पॅलेटवर आभाळाचा रंग मिसळतानाच जरा जास्त मिसळून ठेवायचा, त्यातनंच पाणी काढायचं, थोडा गडद करून, थोडी त्यात माती घालून. काठाच्या झाडांचा रंगही तसाच खाली पाण्यात ओढायचा. ओढताना ब्रश उभा, वरून खाली. सगळी प्रतिबिंबं उभी ओढून झाली की एक स्वच्छ कोरडा चपटा ब्रश घ्यायचा आणि अगदी हलक्या हातानं एकदाच डावीकडून उजवीकडं फिरवायचा, एकदाच, आणि प्रत्येक फटक्यानंतर ब्रश कापडाला पुसायचा. त्या एका आडव्या हातानं पाणी सपाट होतं. परत परत फिरवलं तर आभाळ, झाडं, माती सगळं एकमेकात मिसळून चिखल होतो, आणि हात थांबवणं हेच शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. मग वाऱ्यानं पाण्यावर उठलेला एखादा उजळ पट्टा, लांबचे पट्टे बारीक आणि जवळजवळ, जवळचे रुंद आणि लांब लांब, एवढं केलं की थांबा. लाटा मोजून काढू नका.

तेलाबद्दल एक महत्त्वाचं. तैलरंग पोस्टर कलरसारखा पाणी उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं म्हणून त्याला दिवस लागतात आणि पावसाळ्याच्या दमट कुंद हवेत तर जास्तच. म्हणून खालचे थर टर्पेंटाइनचे पातळ आणि वरचे थर तेलाचे हा क्रम पाळायचाच. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि वरच्याला भेगा जातात. रंगारंगातही फरक आहे, अंबरमध्ये मँगनीज असतं म्हणून तो लवकर वाळतो, टायटॅनियम व्हाइट आणि अलिझरीन क्रिमसन रेंगाळतात. चकाकी यावी म्हणून तेल ओतणारे असतात त्यांच्या चित्रावर सुरकुत्या पडतात. आणि ओलं चित्र धूळ बसू नये म्हणून कपाटात कोंडून ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. व्हार्निशची तर अजिबात घाई नको, सहा महिने ते वर्षभर तरी जाऊ द्या.

फोटोवरून काढू नये असं मी म्हणणार नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसानं घाटाच्या पायऱ्या किती उतरायच्या. पण पाणी फोटोवरून शिकता येत नाही एवढं नक्की. मोबाईल एकतर आभाळ पांढरं करून टाकतो, नाहीतर झाडं काळी, नाहीतर दोन्ही ओढून सारखं करतो, आणि आभाळ आणि पाणी यांच्यात जो बारीक टोनचा फरक असतो, ज्याच्यावर सगळं चित्र उभं असतं, तोच मरतो. शिवाय वाइड लेन्समध्ये जोतिबाचा डोंगर बारका होऊन जातो. तेव्हा फोटो आठवणीसाठी काढा पण रंगाची नोंद जागेवर करा, तळहाताएवढ्या बोर्डावर नुसते चार रंग लावून आणले तरी चालतं. जागेवर बसायचं तर दोन तासांच्या वर बसू नका, सूर्य तासाला १५ अंश सरकतो, सावल्या बदलतात आणि माणूस त्यांच्या मागं पळत चित्र बिघडवतो. घाटावर सकाळी ऊन आपल्या पाठीकडनं येतं आणि संध्याकाळी समोरून, पाण्यावर चमक घेऊन. दोन्ही अवघड आहेत. माझं मत विचाराल तर पहिलं चित्र ढगाळ पण कोरड्या दिवशी करावं, उजेड तासन्‌तास बदलत नाही आणि रंग शांत असतात. फक्त पावसाळ्यात खालच्या पायऱ्यांवर बसू नका, शेवाळ असतं आणि पाणी कधी वाढेल सांगता येत नाही.

आणि हे सगळं शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही याचं मला फार वाटतं. फ्रान्समध्ये दोबिन्यी नावाच्या चित्रकारानं १८५७ साली होडीतच स्टुडिओ केला आणि नदीत राहून नदी रंगवली हे आपण कौतुकानं वाचतो, १८४१ साली जॉन रँडनं धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंग घेऊन बाहेर जाणं सोपं झालं हेही शिकतो, पण आपल्या गावात आबालाल रहमान होते, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ साली गेले, त्यांनी कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा या आपल्याच पाण्यावरचा उजेड रंगवला. बाबूराव पेंटरांना आपण सिनेमासाठी ओळखतो पण ते आधी चित्रकार, ते आणि आनंदराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. टाउन हॉल म्युझियममध्ये आबालालांची चित्रं आहेत, क्लासमधल्या माणसांना मी विचारते तर कितीतरी जण शाळेच्या सहलीनंतर तिथं गेलेलेच नसतात. तिथं जा आणि लांबून नाही, जवळून बघा, ब्रश कुठं थांबलाय ते बघा. संबंधितांना एक विनंती अशी की शिकणाऱ्यांना आठवड्यातनं एक सकाळ वही-पेन्सिल घेऊन त्या चित्रांसमोर बसता येईल अशी चार स्टुलं ठेवावीत. चांगलं चित्र उतरवून काढणं हे जुन्या काळापासून शिक्षणच आहे.

काही जण मला म्हणतात, बाई, खरं काढायचं तर पाण्यावरचं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पण काढायचं का, कशाला ती घाण चित्रात. तर हो, काढायचं. उन्हाळ्यात पाणी अडतं, हिरवं होतं, केंदाळ पसरतं, तेव्हा ते तसंच काढा, आणि रंगाच्या दृष्टीनं ते सोपं नाही, तो हिरवा आडवा पट्टा पाण्याचा सपाटपणा फार चांगला दाखवतो. आबालालांच्या चित्रांतलं कोटीतीर्थ बघून आज आपल्याला तेव्हाचं गाव कळतं, तसंच आपण आज जे प्रामाणिकपणे काढू त्यावरनं पुढच्यांना आजची पंचगंगा कळेल. २०१९ आणि २०२१ चा महापूर सगळ्यांनी मोबाईलवर साठवलाय, पण त्यातनं रंगवला किती जणांनी? शुक्रवार पेठेत, गंगावेशीत ज्यांनी ते पाणी दारात बघितलं त्यांच्याइतकं ते कुणालाच रंगवता येणार नाही.

आणि त्याच नदीच्या काठावर बसून तिच्यातच ब्रश धुऊ नका. टर्पेंटाइन पाण्यात ओतायचं नाही, नदीत नाही आणि घरच्या मोरीतही नाही, कॅडमियमसारखे रंग विषारी असतात. वापरलेलं टर्पेंटाइन बरणीत झाकून ठेवा, दोनचार दिवसात रंग खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं, पैसेही वाचतात. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तेल घट्ट होताना उष्णता तयार होते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो, त्या पसरून वाळवा नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. तुमच्या लेखात सामानाची एवढी यादी होती त्यात हे दोन ओळीत यायला पाहिजे होतं, घरात लहान मुलं असतात.

शेवटी तुम्हाला एक मागणं आहे. या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा सोबत घाटावरनं काढलेला पंचगंगेचा एक मोठा फोटो छापा आणि तो रंगीत नको, काळा-पांढरा छापा. वाचकांना तो कापून ईझलला, म्हणजे चित्राच्या घोडीला, लावता येईल, डोळे बारीक करून आभाळ किती गडद, पाणी किती गडद ते एका अंबर रंगात उतरवता येईल, आणि मग रविवारी सकाळी तोच देखावा रंगात बघायला ते स्वतः घाटावर जातील. फोटो शक्यतो डिसेंबर-जानेवारीतला, बरगे घातल्यानंतरचा आणि ढगाळ दिवशीचा असू द्या. कुठल्या पायरीवरनं काढायचा ते तुमच्या फोटोग्राफरना दाखवायला मी येईन, ऑफिसमधनं निरोप पाठवा.

आपली,
एक नियमित वाचक आणि चित्रकला शिक्षिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर